पहिला आलेला संघ आणि मुलीच्या शिक्षणाचे पैसे

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"गेली काही वर्षं मी रग्बी युनियन मन लावून पाहतो. इंग्लंडची प्रीमियरशिप, फ्रान्सची टॉप १४, युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप, सुपर रग्बी, यातलं काही सोडत नाही. या हंगामात साखळी सामन्यांवर थोडे थोडे पैसे लावले आणि आज नफ्यात आहे. आता प्ले-ऑफ, म्हणजे साखळीनंतरचे बाद सामने, तोंडावर आलेत. माझा हिशेब सरळ आहे. वर्षभर खेळून जो पहिला येतो, तोच चषक नेतो. २०२५ मध्ये प्रीमियरशिपमध्ये बाथ, टॉप १४ मध्ये टूलूझ आणि युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपमध्ये लेन्स्टर, तिघंही गुणतक्त्यात पहिले होते आणि तिघांनीही विजेतेपद मिळवलं. म्हणून यंदा पहिल्या आलेल्या संघावर आजवरचा सगळा नफा आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा लावावा असं ठरवतोय. बायकोला सांगितलेलं नाही, जिंकल्यावर सांगेन. आणखी दोन गोष्टी. मागे एका बाद सामन्यात माझा संघ जादा वेळेत जिंकला, तरी माझी पैज 'हरली' असं दाखवलं. ही फसवणूक नाही का? आणि एका क्लबमध्ये काम करणारा मित्र संघ जाहीर होण्याआधीच कोण खेळणार, कोण जखमी ते सांगतो. त्याचा उपयोग करू का? ता.क. बरोबरी सुटली नाही तर रग्बीतही फुटबॉलसारख्या किक मारून निकाल लावतात असं ऐकलं. खरं का?"

– एक रग्बीप्रेमी

प्रिय रग्बीप्रेमी,

मुलीच्या शिक्षणाच्या रकमेला हात लावू नका. पत्रातल्या बाकी सगळ्या गोष्टींवर सविस्तर बोलू, पण या एका गोष्टीवर माझं मत बदलणार नाही, म्हणून ती आधी सांगून टाकली. आणि तुम्ही राहता तिथे अशा पैजांना कायद्याने परवानगी नसेल, तर पुढचं सगळं केवळ खेळ समजून घेण्यासाठी वाचा.

आधी त्या 'हरलेल्या' पैजेचं पाहू, कारण तिथे बहुधा तुमची फसवणूक झालेली नाही. बहुतेक बुकमेकर सामन्याच्या निकालावरची पैज ८० मिनिटांच्या खेळावर मिटवतात. दुखापतीमुळे वाढलेला वेळ आणि भोंगा वाजल्यावरही चालू राहिलेला खेळ त्यात धरला जातो. जादा वेळ मात्र धरला जात नाही. साखळीत हा फरक कधी जाणवत नाही, कारण तिथे बरोबरी झाली की सामना संपतो. बाद फेरीत तो अचानक समोर येतो. २०१४ चा प्रीमियरशिपचा अंतिम सामना आठवा. सॅरासेन्स आणि नॉर्थॅम्प्टन ८० मिनिटांनंतर १४-१४ असे होते. जादा वेळेच्या अगदी शेवटी ॲलेक्स वॉलरने ट्राय केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला, आणि नॉर्थॅम्प्टन २४-२० ने जिंकलं. त्या दिवशी 'सामना नॉर्थॅम्प्टन जिंकेल' अशी ८० मिनिटांची पैज ज्यांनी लावली होती ते हरले. 'चषक नॉर्थॅम्प्टन उचलेल' असं ज्यांनी लावलं होतं ते जिंकले. संघ तोच होता आणि आनंदही तोच, पण पैजा वेगळ्या होत्या. २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही ८० मिनिटांना १४-१४ च होते आणि जॉनी विल्किन्सनच्या ड्रॉप गोलने (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच गोलवर मारलेली किक) इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला २०-१७ असं हरवलं. तुम्ही ज्या टूलूझचा दाखला देता, त्यांनीही २०२५ चा अंतिम सामना बोर्डोविरुद्ध ८० मिनिटांत जिंकलेला नाही. तेव्हा ३३-३३ होते; ३९-३३ झालं ते जादा वेळेत. म्हणजे त्या दिवशी टूलूझच्या साध्या विजयावर पैसे लावणाऱ्यांचीही तुमच्यासारखीच गत झाली असणार.

तेव्हा पैज लावताना तिच्या शेजारी काय लिहिलंय ते वाचा: '८० मिनिटे', की 'जादा वेळेसह', की 'पुढे जाणारा संघ'. तुमच्या पैजेवर 'जादा वेळेसह' असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर मात्र गप्प बसू नका. आधी बुकमेकरकडे लेखी तक्रार करा आणि दाद मिळाली नाही तर त्या देशाच्या नियामकाकडे जा.

आता मुख्य गोष्ट. 'पहिला येतो तोच चषक नेतो.'

२०२५ ची तुमची तिन्ही उदाहरणं खरी आहेत. बाथने लेस्टरला २३-२१, टूलूझने बोर्डोला ३९-३३ आणि लेन्स्टरने बुल्सला ३२-७ असं हरवलं, आणि तिघंही आपापल्या तक्त्यात वर होते. पण तुम्ही पाहता त्या चार स्पर्धांपैकी चौथीचं नाव तुमच्या पत्रात नाही. सुपर रग्बीत त्या वर्षी चीफ्स पहिले आले. पहिल्याच प्ले-ऑफमध्ये, स्वतःच्या मैदानावर, सहाव्या आलेल्या ब्लूजनी त्यांना २०-१९ ने हरवलं. तरीही ते बाहेर पडले नाहीत, कारण त्या वर्षीच्या नियमानुसार हरलेल्या तिघांपैकी तक्त्यात सर्वांत वर असलेल्याला पुढची फेरी मिळत होती. उपांत्य सामना जिंकून ते अंतिम फेरीत गेले आणि तिथे क्रुसेडर्सनी त्यांना १६-१२ असं रोखलं.

आता लेन्स्टरच्या स्पर्धेत थोडं मागे जाऊ, कारण तुमच्या हिशेबाची खरी परीक्षा तिथे होते. २०२२ मध्ये लेन्स्टर पहिले आले आणि उपांत्य फेरीत घरच्या मैदानावर बुल्सकडून २६-२७ ने हरले. २०२३ मध्ये पुन्हा पहिले आले आणि पुन्हा उपांत्य फेरीत, डब्लिनमध्येच, मन्स्टरकडून १५-१६ ने हरले. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत जॅक क्राउलीने ड्रॉप गोल मारला. त्या मन्स्टरने पाचव्या क्रमांकावरून, तिन्ही प्ले-ऑफ परक्या मैदानांवर खेळून चषक नेला. २०२४ मध्ये मन्स्टर स्वतः पहिले आले आणि उपांत्य फेरीत आपल्याच घरी ग्लासगोकडून १०-१७ ने हरले. चौथ्या आलेल्या ग्लासगोने मग प्रिटोरियाला जाऊन, समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून उंचावरच्या लॉफ्टस व्हर्सफेल्डवर बुल्सना २१-१६ असं हरवून विजेतेपद मिळवलं. सलग तीन वर्षं पहिला आलेला संघ अंतिम फेरीपर्यंतही पोहोचला नाही. तुम्ही २०२४ च्या उन्हाळ्यात मला पत्र लिहिलं असतं, तर कदाचित 'पहिल्या आलेल्यावर कधीच पैसे लावू नयेत' असा उलटा नियम घेऊन आला असता, आणि पुढच्याच वर्षी लेन्स्टरने तो मोडला असता.

फ्रान्समध्ये २०१८ साली कास्त्र सहावे आले होते. अंतिम सामन्यात त्यांनी पहिल्या आलेल्या माँपेलिएला २९-१३ असं हरवून ब्रेनस ढाल उचलली. इंग्लंडमध्ये तर प्ले-ऑफने विजेता ठरवण्याच्या पहिल्याच हंगामात, २००२-०३ मध्ये, ग्लॉस्टर १५ गुणांनी पुढे होते. तेव्हाच्या पद्धतीनुसार ते थेट अंतिम सामन्यात गेले, बाकीचे खेळत असताना थांबून राहिले आणि ट्विकेनहॅमवर वॉस्प्सकडून ३-३९ असे हरले. पुढची दोन वर्षंही वॉस्प्सनीच जिंकली, आणि त्या तिन्ही वर्षी तक्त्यात ते पहिले नव्हते.

पहिला आलेला संघ नेहमी हरतो असं मी यातून सुचवत नाही. तो बहुतेकदा सगळ्यांत चांगला संघ असतो. पण सगळ्यांत चांगला असणं आणि सलग दोन-तीन शनिवार एकही चूक महागात न पडणं, यांत बरंच अंतर असतं. आकड्यात पाहा. समजा प्रीमियरशिपमध्ये तुमचा संघ घरचा उपांत्य सामना जिंकण्याची शक्यता ७५ टक्के आहे आणि अंतिम सामना जिंकण्याची ६०. दोन्ही जिंकण्याची शक्यता झाली ४५ टक्के. युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपमध्ये तीन सामने जिंकावे लागतात. ८०, ७० आणि ६५ टक्के धरले, तर तिन्ही मिळून ३६ टक्क्यांच्या आसपास. प्रत्येक सामन्यात स्पष्ट वरचढ असलेला संघही विजेतेपदाच्या बाबतीत 'बहुधा नाही' याच बाजूला पडतो. भाव म्हणजे जिंकल्यास एका रुपयामागे मूळ रुपयासह परत मिळणारी रक्कम. ४५ टक्क्यांच्या शक्यतेला २.२२ पेक्षा कमी भाव घेतला की तुम्ही तोट्याचा सौदा केला, मग शेवटी चषक त्याच संघाने उचलला तरी. तुमच्या पत्रात संघ आहे, रक्कम आहे, पण भाव कुठेच नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटली. पहिला संघ बलवान आहे हे बुकमेकरलाही ठाऊक असतं. क्रुसेडर्सनी २०२५ पर्यंत घरच्या मैदानावर प्ले-ऑफचा एकही सामना गमावलेला नाही, हेही त्याला ठाऊक असतं. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते भावात आधीच उतरलेलं असतं.

त्यात बुकमेकरचा हिस्सा वेगळा. समजा एका सामन्यात एकाला १.३० आणि दुसऱ्याला ३.४० भाव आहे. १०० ला या दोन्हींनी भागा: ७६.९ आणि २९.४. बेरीज १०६.३. शंभराच्या वरचे हे सहा त्याच्या कमाईची सोय आहे. प्ले-ऑफचे तीन-चार सामने एकत्र गुंफून 'मोठा भाव' मिळवण्याचा मोह होतो, तेव्हा हा हिस्सा दर सामन्यागणिक वाढत जातो. निम्मी-निम्मी शक्यता असलेल्या पैजेला खरा भाव २.०० हवा, मिळतो साधारण १.९१. चार सामने गुंफले की १६ च्या जागी १३.३ हाती येतात. म्हणजे जवळजवळ सतरा टक्के वाटेतच गेले.

साखळी पाहून प्ले-ऑफचा अंदाज बांधण्यात आणखी एक अडचण आहे. ती खेळाच्या आतली आहे आणि तुमच्यासारख्या जाणकाराला ती आवडेल. साखळीतला तक्ता बोनस गुणांवर उभा असतो. प्रीमियरशिपमध्ये चार ट्राय केले की एक गुण जास्त मिळतो, सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तरी एक मिळतो. त्यामुळे साखळीत संघ पेनल्टी मिळाली की तीन गुण सोडून चेंडू कोपऱ्याकडे मारतात, लाइनआउट घेतात (बाजूरेषेवरून चेंडू आत टाकतात), मॉल करून (चेंडूवाल्याभोवती एकवटून पुढे रेटत) चौथ्या ट्रायच्या मागे लागतात. बाद फेरीत बोनस नसतो. तिथे गोलसमोरची पेनल्टी म्हणजे तीन गुण, आणि ते घेतले जातात. वर्षभर धबधब्यासारखे ट्राय करणारा संघ मे-जूनमध्ये एकदम हात आखडता घेताना दिसतो, तो घाबरलेला असतो म्हणून नव्हे. गणितच बदललेलं असतं. २०२३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेने एकही ट्राय न करता, पोलार्डच्या चार पेनल्टींवर १२-११ असा जिंकला. अर्थात याचाही नियम करू नका. बोर्डो आणि टूलूझ यांनी ८० मिनिटांत ६६ गुण केले ते अंतिम सामन्यातच.

हँडिकॅपच्या पैजा लावत असाल तर हे आणखी लागू पडतं. समजा तुमचा संघ ७.५ गुण वजा करून खेळतोय, म्हणजे तुम्हाला आठ गुणांनी विजय हवा. ७९ वं मिनिट आहे, तुमचा संघ दहाने पुढे आहे, प्रतिस्पर्ध्याला सोपी पेनल्टी मिळाली. साखळीत तो तीन गुण घेऊन सातवर येईल, बोनस खिशात टाकेल आणि तुमची पैज जाईल. बाद फेरीत त्या तीन गुणांना काही किंमत नाही. तो कोपऱ्याकडे जाईल, एक तर ट्राय करेल नाही तर चेंडू गमावेल. दुसरीकडे पुढे असलेला संघही भोंगा वाजला की चेंडू बाहेर मारून मोकळा होतो. आणखी गुण करून कुणाला काय मिळायचंय? दक्षिण आफ्रिकेने त्या विश्वचषकात फ्रान्सला २९-२८, इंग्लंडला १६-१५ आणि न्यूझीलंडला १२-११ असं हरवलं. तीन बाद सामने, तिन्ही एका गुणाने. त्यांच्या विजयावर लावलेल्या तिन्ही पैजा मिळाल्या असत्या. दीड गुणाचा हँडिकॅप जरी दिला असता तरी तिन्ही गेल्या असत्या.

कार्डांचं थोडक्यात. एक यलो कार्ड म्हणजे दहा मिनिटं चौदा खेळाडू, आणि आजकाल डोक्याला लागलेला धक्का पंच व्हिडिओवर पुन्हा पुन्हा पाहतात. २०२४ च्या प्रीमियरशिप अंतिम सामन्यात बाथचा बेनो ओबानो पहिल्या अर्ध्या तासातच रेड कार्ड घेऊन बाहेर गेला. उरलेला सगळा वेळ चौदा जणांनी खेळून बाथ नॉर्थॅम्प्टनकडून २१-२५ असं थोडक्यात हरलं. हे पाहायला जबरदस्त होतं. पण सकाळी भाव पाहून पैसे लावणाऱ्याच्या कुठल्याच हिशेबात ते बसणारं नव्हतं.

मग म्हणाल, 'तरी मी नफ्यात आहे ना!' आहात, आणि त्यासाठी तुम्ही खेळाचा अभ्यास केला हे मला दिसतंय. पण तो नफा काय सिद्ध करतो ते तपासू. २०२५ मध्ये या चार स्पर्धांचे प्ले-ऑफ सामने किती होते? प्रीमियरशिप तीन, टॉप १४ चे पाच, सुपर रग्बीचे सहा, युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपचे सात. एकूण २१. समजा प्रत्येक सामन्यात तुम्ही १.९१ भावाने हँडिकॅपची पैज लावली. २१ पैकी ११ बरोबर आल्या तर पैसे जेमतेम परत मिळतात. आणि काहीही न पाहता नुसतं नाणं उडवणाऱ्यालाही ११ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता बरोबर निम्मी आहे. १४ किंवा अधिक बरोबर आल्या की माणूस स्वतःला तज्ज्ञ समजू लागतो. नाणं उडवणाऱ्या साधारण अकरा जणांतल्या एकाला तेही जमतं. एका हंगामाच्या नफ्यावरून तुमचं कौशल्य आणि तुमचं नशीब वेगळं काढता येत नाही. त्यासाठी शेकडो पैजांची नोंद लागते: तारीख, भाव, रक्कम, आणि सामना सुरू होताना तोच भाव कुठे गेला होता. तुम्ही घेतलेला भाव शेवटच्या भावापेक्षा सातत्याने वरचा असेल, तरच तुमच्या अभ्यासात काही दम आहे असं म्हणता येतं. तशी वही तुमच्याकडे आहे का? पत्रात तिचा उल्लेख नाही.

आणि दम आहे असं धरूनच चाललो, तरीही रकमेचा प्रश्न उरतो. १९५६ साली बेल लॅब्समधल्या जॉन केली यांनी एक सूत्र मांडलं: तुमची बाजू किती वरचढ आहे त्यावरून जवळच्या पैशांतला किती भाग लावावा. समजा तुम्ही १.९१ च्या पैजा खरोखरच ५५ टक्के वेळा जिंकता, जे फार थोड्यांना साधतं. ते सूत्र सांगतं: पैजेसाठी बाजूला काढलेल्या पैशांपैकी साडेपाच टक्के. जे हे गांभीर्याने करतात ते त्याचाही निम्माच भाग लावतात, कारण आपला ५५ चा अंदाज चुकीचा असू शकतो हे त्यांना मान्य असतं. तुम्ही सगळा नफा आणि वर मुलीचे पैसे लावायला निघालात, तेही एकाच संघावर. जगातला कोणताही हिशेबी पैजवाला हे करणार नाही.

मित्राबद्दल. हे ताबडतोब थांबवा, आणि तुमच्यापेक्षा त्याच्यासाठी थांबवा. वर्ल्ड रग्बीच्या नियमावलीतला सहावा नियम भ्रष्टाचार आणि पैजांविषयी आहे. खेळाडू, प्रशिक्षक, क्लबचे कर्मचारी यांना रग्बीवर पैज लावायला तर बंदी आहेच. जाहीर न झालेली आतली माहिती पैजेसाठी दुसऱ्याला देणं हाही गुन्हाच धरला जातो. तो गप्पांच्या ओघात सांगत असेल, त्याच्या मनात काही नसेलही. तरी चौकशी झाली तर त्याची नोकरी जाईल, आणि संशयास्पद पैज म्हणून पहिलं नाव तुमचं निघेल. त्याला सरळ सांगा की संघाबद्दल मला काही सांगू नकोस. जाहीर झालेली यादी वाचूनही पुष्कळ कळतं. २०२३ च्या त्या उपांत्य सामन्यानंतर एकाच आठवड्याने लेन्स्टरला युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स कपचा अंतिम सामना खेळायचा होता, आणि मन्स्टरविरुद्ध त्यांनी संघात बरेच बदल केले होते. हे सगळ्यांसमोर होतं. त्यासाठी कुणाच्या कानात कुजबुजण्याची गरज नव्हती.

आता ज्या वाक्यामुळे मी तुमचं पत्र सदरासाठी निवडलं, त्याकडे येते. 'जिंकल्यावर सांगेन.' हे वाक्य लिहिताना हरलात तर काय सांगणार, याचा विचार तुमच्या मनात येऊन गेला असेलच, कारण तुम्ही ती बाजू लिहिलेलीच नाही. ती रक्कम तुमची एकट्याची नाही. ती बाजूला काढताना दोघांनी मिळून काही खर्च टाळले असतील, काही इच्छा पुढे ढकलल्या असतील. तुमच्या पत्नीला रग्बी कळत नसेल, तरी त्या रकमेवर तिचा आणि मुलीचा तुमच्याइतकाच हक्क आहे. पैज हरण्यापेक्षा लपवणं जास्त काळ सलतं, आणि जिंकलात तर आणखी वाईट, कारण पुढच्या वर्षी याहून मोठी रक्कम न सांगता काढणं सोपं वाटेल.

म्हणून तिला आज सांगा. प्ले-ऑफ सुरू होण्याआधी. हंगामातला नफा किती, लावलेली एकूण रक्कम किती, मनात काय आलं होतं, सगळं. खातं उघडून दाखवा. ती रागावेल, कदाचित काही दिवस बोलणार नाही. तरीही न लावलेल्या पैशांबद्दलचा राग हा गमावलेल्या पैशांबद्दलच्या रागापेक्षा फार हलका असतो, तुम्हा दोघांनाही तो पेलवेल. शिक्षणाची रक्कम अशा खात्यात ठेवा की ती काढायला दोघांच्या सह्या लागतील.

प्ले-ऑफवर काही लावायचंच असेल, तर ते नफ्यातून, दर सामन्याला ठरलेली एकच छोटी रक्कम, आणि ती पत्नीला माहीत असलेली. उपांत्य फेरीत हरलात म्हणून अंतिम सामन्याला ती वाढवायची नाही. उधार घेऊन तर मुळीच नाही. ब्रिटनने एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डवरून जुगाराला बंदी घातली ती याच कारणाने, माणसं जवळ नसलेले पैसे लावत होती. बहुतेक परवानाधारक बुकमेकरकडे महिन्याची मर्यादा आधीच घालून ठेवण्याची सोय असते. ती थंड डोक्याने, सामना नसलेल्या दिवशी घाला.

आणि एक प्रश्न विचारते, उत्तर मला पाठवू नका, स्वतःला द्या. पैसे न लावता एखादा सामना शेवटचा कधी पाहिलात? पैज नसेल तर सामना अळणी वाटतो, हरल्यावर ते पैसे त्याच दिवशी परत मिळवावेसे वाटतात, रक्कम विचारली की तुम्ही कमी सांगता, यातलं काही ओळखीचं वाटलं तर मर्यादा घालून भागणार नाही. मग खातं बंद करा. बुकमेकरकडे स्वतःवर बंदी घालून घेण्याचा अर्ज असतो. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप ही सोय एकाच नोंदणीत सगळ्या परवानाधारक संकेतस्थळांवर बंदी घालते. आणि जुगाराच्या सवयीवर काम करणाऱ्या समुपदेशकाशी बोला. यात कमीपणा नाही. ही सवय हुशार, हिशेबी माणसांनाही लागते, कारण त्यांना आपल्या हिशेबावर विश्वास असतो.

ता.क.चं उत्तर: हो, खरं आहे, आणि क्लब रग्बीत ते घडलेलंही आहे. २००९ च्या हायनेकन कपच्या (चॅम्पियन्स कपचं तेव्हाचं नाव) उपांत्य सामन्यात, कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियमवर, कार्डिफ ब्लूज आणि लेस्टर जादा वेळेनंतरही २६-२६ होते, ट्रायही सारखेच. मग एकेकाने पुढे येऊन गोलवर किक मारायची असं ठरलं. नेहमी किक मारणारे खेळाडू संपले आणि पाळी आली फॉरवर्ड्सवर, म्हणजे एरवी किक न मारणाऱ्या पुढच्या फळीवर. मार्टिन विल्यम्सची किक चुकली, लेस्टरच्या जॉर्डन क्रेनने पुढची मारली आणि लेस्टर ७-६ ने अंतिम फेरीत गेलं. आयुष्यभर टॅकल आणि रक करत आलेल्या फ्लँकरवर सामन्याचा निकाल सोपवणं मला आजही अन्यायाचं वाटतं. पुढे ही पद्धत बदलली आणि किक मारणारे ठरावीक खेळाडू आधी निवडले जाऊ लागले. २०२२ च्या चॅम्पियन्स कप उपांत्यपूर्व सामन्यात डब्लिनला टूलूझने मन्स्टरला २४-२४ नंतर किकवर ४-२ असं हरवलं. २०२५ मध्ये डर्बनला शार्क्सनी, पुन्हा मन्स्टरलाच आणि पुन्हा २४-२४ नंतर, ६-४ असं. या तिन्ही सामन्यांत ८० मिनिटांची पैज 'बरोबरी' म्हणून किक सुरू होण्याच्या कितीतरी आधी मिटलेली होती, त्यामुळे किकवर जिंकलेल्या संघाच्या नावाने तिचे पैसे कुणालाच मिळाले नाहीत.